विमान सुरू करण्याआधी तीन वर्षांनंतरचा हिशेब दाखवा

प्रति,
केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालय,
महाराष्ट्र शासन,
आणि मराठवाड्यात विमानसेवा देणाऱ्या व देऊ पाहणाऱ्या प्रादेशिक विमान कंपन्यांचे संचालक

सप्रेम नमस्कार.

मागच्या पंधरवड्यात दुकानात आलेल्या एका व्यापाऱ्याने मोबाईलवर नव्या विमानमार्गाची बातमी दाखवली आणि विचारले, "भाऊ, हे किती दिवस चालंल?" तिकीट कितीला, विमान किती वाजता, सामान किती नेता येते, यातले काहीच त्यांनी विचारले नाही. आधी हाच प्रश्न. त्याच आठवड्यात आणखी तिघांनी तोच विचारला. मी वीस वर्षांपासून परभणीत तिकिटे काढून देतो, रेल्वेची, खासगी बसची आणि पुढे विमानाचीही. एसटीबद्दल असा प्रश्न कुणी केल्याचे मला आठवत नाही. त्या चौघांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते. ते तुमच्याकडे असायला हवे, म्हणून हे पत्र तुम्हाला लिहितो आहे. आणि ते इथल्या लोकांनीही वाचावे, म्हणून उघड लिहितो आहे.

परभणीला विमानतळ नाही आणि तो मी मागतही नाही. नांदेड आम्हाला दीड तासावर, छत्रपती संभाजीनगर चार तासांवर. दोन्हीकडची विमाने आम्ही आमचीच समजतो. विमानाने जाणारा तो पैसेवाला, हा समज माझ्या बुकिंगच्या वहीने केव्हाच मोडला. बंगळुरात नोकरी करणाऱ्या मुलीचे बाळंतपण करायला निघालेली आई, मुंबईला टाटा रुग्णालयात दर तीन आठवड्यांनी जाणारा रुग्ण, मोंढ्यातला सोयाबीनचा व्यापारी, कृषी विद्यापीठातले प्राध्यापक, हुजूर साहिबच्या दर्शनाला पंजाबातून येणारी कुटुंबे. आणि हैदराबाद तर आमचे जुने घरच. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो. दवाखाना, बाजार, सोयरीक, सगळे अजून त्या दिशेला आहे. २७ एप्रिल २०१७ रोजी लहान शहरांना स्वस्त विमानसेवेने जोडण्याच्या केंद्राच्या 'उडान' योजनेतली देशातली पहिली उड्डाणे सुरू झाली, त्यांत शिमला-दिल्लीसोबत नांदेड-हैदराबाद होते. त्या दिवशी मी दुकानात पेढे वाटले होते. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा कुणीतरी आमच्याकडून सुरुवात केली होती.

आता माझी गोष्ट सांगतो. कंपनीचे नाव घेत नाही, कारण भांडण एका कंपनीशी नाही.

काही वर्षांपूर्वी जिंतूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची मुंबईला शस्त्रक्रिया ठरली होती. सोबत मुलगा आणि सून. रेल्वेत इतका वेळ बसणे त्यांना शक्य नव्हते, म्हणून मुलाने उसने पैसे घेऊन विमानाची तीन तिकिटे काढली. आदल्या दिवशी संध्याकाळी सात वाजता संदेश आला: तांत्रिक कारणास्तव उड्डाण रद्द. पुढचे विमान चार दिवसांनी. रात्री नऊला गाडी ठरवली, मागच्या सीटवर गादी टाकली आणि ते लोक मुंबईला निघाले. मी रस्त्यावर उभा राहून ती गाडी जाताना पाहिली. दोन महिन्यांत त्या कंपनीने तो मार्गच सोडला. माझे एक लाख ऐंशी हजार रुपये तिच्या एजंट खात्यात आगाऊ भरलेले होते. छोट्या कंपन्यांकडे अशीच पद्धत असते: आधी खात्यात पैसे टाका, मग तिकिटे काढा. ते पैसे अकरा महिन्यांत तुकड्या-तुकड्यांनी परत आले. ज्यांची तिकिटे वाया गेली त्यांना मी पदरचे पैसे तेव्हाच देऊन टाकले. लहान गावात दुकानदाराला रोज त्याच माणसांना तोंड दाखवायचे असते.

या धंद्यात तोटा होतो हे मला कळते, दुकान मीही चालवतो. छोट्या विमानाचे गणित मुळातच अवघड आहे. एटीआर-७२ मध्ये सत्तर ते अठ्ठ्याहत्तर आसने. मोठ्या एअरबस ए-३२० मध्ये एकशे ऐंशीच्या घरात. पण वैमानिक दोन्हीकडे दोनच लागतात, आणि त्यांचा पगार, देखभाल, विमानतळावरची माणसे हा सगळा खर्च इथे निम्म्याहून कमी आसनांवर पडतो. विमान बहुतेक वेळा भाड्याचे, आणि त्याचे भाडे डॉलरमध्ये. सुटे भाग आणि इंजिनाची दुरुस्तीही डॉलरमध्ये. उत्पन्न मात्र परभणी-नांदेडच्या माणसाच्या रुपयांत. रुपया घसरला की आसन तेच, प्रवासी तोच, पण हिशेब बुडतो. इंधनाचा खर्च तर एकूण खर्चाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही वर जातो आणि तो कंपनीच्या हातात नसतो. त्यात एखाद्या कंपनीकडे जेमतेम तीन-चार विमाने असली आणि त्यातले एक दुरुस्तीला गेले की कुठल्यातरी गावाचे उड्डाण रद्द करावेच लागते. कुठले गाव? जिथे प्रवासी कमी आणि ओरड करणारे कमी. ते बहुतेक वेळा आमचे असते.

हे धोके नवे नाहीत. एअर पेगासस २०१६ मध्ये थांबली, एअर कोस्टा २०१७ मध्ये, ट्रूजेट फेब्रुवारी २०२२ मध्ये. मोठ्यांचेही तेच झाले: किंगफिशर ऑक्टोबर २०१२, जेट १७ एप्रिल २०१९, आणि गो फर्स्टने तर २ मे २०२३ रोजी स्वतःच दिवाळखोरीचा अर्ज केला, कारण निम्मी विमाने इंजिनांअभावी उभी होती. त्या त्या वेळी प्रत्येकीचे कारण वेगळे सांगितले गेले. आतून पाहिले तर रोख पैसा संपला, हे एकच कारण सगळीकडे दिसते. म्हणून मार्ग देताना पहिला प्रश्न रोख पैशाचा असायला हवा. तो तसा असतो का, याबद्दल माझी गंभीर शंका आहे, आणि तीच माझी पहिली तक्रार आहे.

शंकेला आधार आहे. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा 'उडान'वरचा अहवाल ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत ठेवला गेला. योजनेच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत ७७४ मार्ग दिले गेले. त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी तीन वर्षांची सवलतीची मुदत पूर्ण केली फक्त ११२ मार्गांनी. आणि मुदतीनंतरही मार्च २०२३ पर्यंत टिकले ५४. शंभर मार्गांमागे सात. माझ्या दुकानात त्या व्यापाऱ्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर या आकड्यात आहे, आणि ते मला त्यांना सांगावेसे वाटले नाही.

मार्ग सुरू झाला नाही, एवढ्यावर नुकसान थांबत नाही. ज्या कंपनीला मार्ग मिळतो तिला साधारण तीन वर्षे तिथे एकटीने उडण्याचा हक्क असतो. कागदावर मार्ग तिच्या नावे, आकाशात विमान नाही, आणि दुसरी कंपनी त्या वाटेला जात नाही. रिकाम्या सीटवर रुमाल टाकून उतरून गेलेल्या प्रवाशासारखे हे आहे. गाडी सुटते, सीट रिकामी, आणि बाकीचे उभे.

दुसरी तक्रार तीन वर्षांच्या कड्याची. योजनेची रचना अशी: सुमारे निम्मी आसने, जास्तीत जास्त चाळीस, सरकारने ठरवलेल्या भाड्यात द्यायची. तासाभराच्या प्रवासाला सुरुवातीला ते भाडे अडीच हजार रुपये धरले होते. सत्तर आसनांच्या विमानात पस्तीस आसनांचे होतात सत्याऐंशी हजार पाचशे रुपये. तेवढ्यात खर्च भागत नाही, म्हणून फरकाची रक्कम अनुदान म्हणून मिळते. त्यातला एक भाग, साधारण वीस टक्के, राज्य देते. उरलेला मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर बसवलेल्या आकारातून येतो, म्हणजे शेवटी दिल्ली-मुंबई जाणाऱ्या प्रवाशाच्या खिशातून. हे लोकांचे पैसे आहेत. मग तीन वर्षे पूर्ण होतात आणि अनुदान एका दिवसात बंद. आदल्या दिवशी विमान जेवढ्या खर्चात उडाले तेवढ्याच खर्चात दुसऱ्या दिवशीही उडणार, पण आधार गेलेला. कंपनीने काय करावे? भाडे दुप्पट केले तर प्रवासी जातो. नाही केले तर कंपनी जाते. हळूहळू उतरणारा उतार इथे हवा होता, तिथे कडा ठेवला आहे.

कंपन्यांनाही इथे दोन शब्द सांगायचे आहेत. तीन वर्षे अनुदान मिळते म्हणून मार्ग घ्यायचा आणि चौथ्या वर्षी दुसऱ्या राज्यातला नवा अनुदानित मार्ग शोधायचा, याला धंद्याची आखणी म्हणत नाहीत. तीन वर्षांत प्रवासी घडवायचा असतो. आमच्याकडे माणूस पहिल्यांदा बिचकत विमानात बसतो, दुसऱ्यांदा आईला घेऊन बसतो, तिसऱ्यांदा विमानाचा वार धरून मुंबईचे काम ठरवतो. तेवढ्यात तुम्ही निघून गेलात तर तो परत फिरकत नाही, आणि तुमच्यानंतर येणाऱ्या कंपनीवरही विश्वास ठेवत नाही. त्याचा भुर्दंड पुढच्याला बसतो.

तिसरी तक्रार वेळापत्रकाची. हीच मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण इथे पैशाइतकाच विचारही कमी पडला आहे. ऑगस्ट २०२५ पासून मुंबईची वंदे भारत नांदेडपर्यंत आली आहे. पहाटे नांदेडहून निघून साधारण साडेनऊ तासांत मुंबईत. ती परभणीला थांबते. समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून मुंबईजवळ भिवंडीपर्यंत पूर्ण खुला आहे आणि जालन्याजवळून जातो. म्हणजे दिवसभर घालवून मुंबईला पोहोचायचे असेल तर आता स्वस्त आणि बरे पर्याय आहेत. रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस तर पिढ्यान् पिढ्या आहेच. मग विमानाने काय द्यायचे? सकाळी जाऊन रात्री घरी परतणे. रेल्वे ते देऊ शकत नाही, विमान देऊ शकते. पण आम्हाला मिळते काय? आठवड्यातून तीन-चार दिवस, भर दुपारी, एक फेरी. दुपारी दीडला मुंबईत उतरणाऱ्याचे मंत्रालयातले काम त्या दिवशी होत नाही, डॉक्टरची वेळ निघून गेलेली असते, आणि परतीचे विमान परवा. म्हणजे हॉटेलचा खर्च वर. मग माझा ग्राहक म्हणतो, जाऊ द्या, देवगिरीचेच काढा. आणि महिन्याअखेर कंपनीच्या कागदावर नोंद होते, "या मार्गाला मागणी नाही."

एका विमानतळावरून पाच शहरांना आठवड्यातून दोन-दोन फेऱ्या, अशी जाहिरात चांगली दिसते. मला विचाराल तर त्यातली तीन शहरे सोडा आणि मुंबईला रोज सकाळ-संध्याकाळ या. व्यापारी, वकील, रुग्ण, सरकारी कामाची माणसे भरवशावर तिकीट काढतात, जाहिरातीवर काढत नाहीत. नियमित प्रवासी मिळाला की विमानही लवकर भरते आणि भाडेही कमी ठेवता येते.

यावर कंपन्यांचे उत्तर ठरलेले असते: मुंबईत सकाळची वेळ मिळत नाही. ते खरे आहे. मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि सकाळच्या वेळा मोठ्या कंपन्यांकडे आधीपासून आहेत. पण आता नवी मुंबईचा विमानतळ झाला. ८ ऑक्टोबर २०२५ ला त्याचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. तिथल्या वेळा अजून पूर्ण भरलेल्या नाहीत. आज त्यातल्या काही राज्यातल्या लहान शहरांसाठी राखून ठेवल्या नाहीत, तर पाच वर्षांनी तिथेही जागा नाही असेच ऐकावे लागेल.

चौथी तक्रार बंद होण्याच्या पद्धतीची. उड्डाण रद्द झाल्यास भरपाई किती, याचा नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने केला आहे. पण कंपनीने दोन आठवडे आधी कळवले की भरपाई द्यावी लागत नाही. लगीनसराईचे बुकिंग दोन महिने आधी होते. दोन आठवड्यांवर लग्न आले असताना पंचवीस वऱ्हाडींना रेल्वेचे आरक्षण कुठून मिळणार? आणि कंपनीच दिवाळखोरीत गेली तर प्रवाशाचे पैसे दिवाळखोरीच्या कायद्यातल्या रांगेत जातात. त्या रांगेत आधी प्रक्रियेचा खर्च, मग तारण असलेल्या बँका आणि कामगार, मग कर्मचारी, मग बाकीचे कर्ज देणारे आणि सरकार, आणि त्यांच्याही मागे तिकीट काढलेला माणूस. विमाने भाड्याने देणाऱ्या परदेशी कंपन्यांना त्यांचे विमान लवकर परत मिळावे म्हणून संसदेने २०२५ मध्ये वेगळा कायदा केला. तो गरजेचा होता, त्याने भाडे कमी होईल असे म्हणतात, आणि तसे झाले तर आमच्यासारख्या मार्गांना फायदाच आहे. पण विमानाच्या मालकाला संरक्षण देताना, न झालेल्या प्रवासाचे पैसे आधीच मोजून बसलेल्या प्रवाशाचा विचार त्याच कळकळीने व्हायला हवा होता.

लातूर आणि धाराशिवबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तिथली माणसे ते माझ्यापेक्षा चांगले मांडतील. २००९ मध्ये या दोन्ही धावपट्ट्या नांदेड, बारामती आणि यवतमाळसोबत खासगी कंपनीला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिल्या गेल्या. धाराशिवला नियमित प्रवासी विमान आले नाही, लातूरला टिकले नाही. त्या वर्षांचा जाब कुणीतरी द्यायला हवा. राज्याने 'उडान'च्या विमानतळांवर इंधनावरचा कर एक टक्क्यावर आणला, हे चांगले केले. पण जिथे इंधन भरण्याची रोजची सोयच नाही तिथे विमान मुंबईत किंवा पुण्यात जास्त कर भरून टाकी भरून येते, आणि ती सवलत कागदावरच राहते.

१ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात सुधारित 'उडान' जाहीर झाली: दहा वर्षांत १२० नवी ठिकाणे, चार कोटी प्रवासी. ठिकाणे मोजण्याआधी टिकलेले मार्ग मोजा, एवढेच माझे म्हणणे आहे. त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात.

मार्ग देण्यापूर्वी कंपनीकडे किती विमाने आहेत, त्यातले राखीव किती, आणि तिकीटविक्री थांबली तरी किती महिने पुरेल इतका रोख पैसा आहे, हे तपासून जाहीर करा. सहा महिन्यांची तजवीज नसेल तर मार्ग देऊ नका. आम्ही आणखी थांबू.

अनुदान तिसऱ्या वर्षाअखेर एकदम न तोडता पुढच्या दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने कमी करा, आणि त्यातला मोठा वाटा वेळेवर व नियमित झालेल्या उड्डाणांशी बांधा. दिलेला मार्ग ठरलेल्या मुदतीत सुरू झाला नाही तर हक्क आपोआप रद्द व्हावा आणि हमीची रक्कम जप्त व्हावी. ती झाली की नाही, हेही जाहीर व्हावे.

नवी मुंबईत सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी सहानंतरच्या काही वेळा मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातल्या विमानतळांसाठी राखून ठेवा. त्या दुसऱ्या मार्गाला वळवता येणार नाहीत, अशी अट घाला.

प्रवाशाचे पैसे आणि एजंटांची आगाऊ रक्कम वेगळ्या खात्यात राहावी आणि विमान उडाल्यावरच कंपनीच्या हाती यावी. सगळ्या कंपन्यांना हे लगेच जमणार नसेल तर निदान अनुदान घेणाऱ्यांपासून सुरुवात करा. मार्ग बंद करायचा असेल तर नव्वद दिवसांची जाहीर नोटीस द्या; त्यात कारण लिहा आणि बुकिंग झालेल्या प्रत्येकाला पैसे कधी मिळणार ती तारीख लिहा.

दर तीन महिन्यांनी प्रत्येक अनुदानित मार्गाचा तक्ता त्या त्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फलकावर मराठीत लागावा: ठरलेल्या फेऱ्या, झालेल्या फेऱ्या, रद्द झालेल्या फेऱ्या, प्रवासी किती, अनुदान किती.

आमच्याकडूनही काही देण्याची तयारी आहे. कंपनीने वर्षभर मुंबईची सकाळ-संध्याकाळची सेवा लेखी कबूल केली, तर परभणी, हिंगोली आणि नांदेडमधल्या एजंटांना एकत्र बसवून दर महिन्याला ठरावीक आसनांची हमी उभी करण्याचा प्रयत्न मी स्वतः करीन. मोंढ्यातल्या काही व्यापाऱ्यांशी बोललो आहे, त्यांची ना नाही. अट एकच आहे, पैसे वेगळ्या खात्यात राहतील.

जिंतूरचे ते शेतकरी बरे झाले. त्यांची पुढची तपासणी येत्या मे महिन्यात मुंबईला आहे. मुलगा परवा दुकानात येऊन गेला. विमानाचे काढू का म्हणून त्याने विचारले, आणि मी त्याला आठ दिवसांनी यायला सांगितले आहे.

आपल्या उत्तराची वाट पाहतो.

आपला,
परभणीतला एक तिकीट एजंट